आधी काठी, मग पाणी

वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर–अमरावती महामार्गावरचं गाव. भोवती कपाशी आणि तुरीची शेतं, संत्र्याच्या बागा, पायाखाली काळी माती आणि रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक. अशा गावात बैठकीच्या खोलीत अंथरलेल्या सतरंजीत काय काय जमतं? वावरातून परतणाऱ्या पायांची माती, वेचणीच्या दिवसांत उडणारे कापसाचे तंतू, महामार्गाकडून येणारी डिझेलची काजळी आणि माणसांच्या अंगावरून रोज गळणारे कातडीचे बारीक पापुद्रे. यात सगळ्यात मोठा वाटा मातीचा. म्हणून सतरंजी, दरी किंवा गालिचा घरी धुवायला काढला, की साबण कोणता घ्यावा याआधी मातीचा विचार करावा.

अंथरायच्या वस्तू धुणं हे तीन कामांचं मिळून एक काम आहे. झाडणं, धुणं आणि वाळवणं. आपल्याकडे सगळं लक्ष मधल्या कामाकडे असतं. झाडणं दोन फटक्यांत उरकतात आणि वाळवणं उन्हावर सोडून देतात. माझं मत असं, की सतरंजी स्वच्छ होते ती मुख्यतः पहिल्या कामात आणि बिघडते ती बहुतेक वेळा शेवटच्या कामात. मधलं पाण्याचं काम त्या मानानं सोपं आहे.

झाडण्याला एवढं महत्त्व का, हे काळ्या मातीकडे पाहिलं की कळतं. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत असे पाचशे कण सहज मावावेत. हा कण पातळ पापुद्र्यांचा बनलेला असतो. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं, की तो फुगतो आणि चिकट होतो. पाणी गेलं, की आकसतो. उन्हाळ्यात वावराला हात जाईल अशा भेगा पडतात आणि मृगाच्या सरींनी त्या बुजतात, त्याचं कारण हेच. आता ही माती कोरडी आणि सैल अशी सतरंजीच्या विणीत बसली आहे आणि आपण वरून बादलीभर पाणी ओतलं. वावरात होतं तेच विणीत होतं. काठीनं झडली असती ती धूळ क्षणात गाळ बनते, धाग्यांच्या मधे लिंपली जाते आणि मग कितीही पाणी बदललं तरी गढूळच निघत राहते. लोक म्हणतात, सतरंजी लई मळली होती, दहा पाणी घेतले तरी मळ निघेचना. तो मळ बऱ्याच अंशी पहिल्या बादलीनं तयार केलेला असतो.

मातीबरोबर बारीक वाळूही येते. ती वजनदार, म्हणून वर राहत नाही. धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसते. वरून पाय पडला की वाळूच्या कडा धागा कापतात. दाराजवळची आणि बसायच्या जागेची सतरंजी आधी विरते, ती या घासण्यानं. नियमित झाडलेली सतरंजी दिसायला तर चांगली राहतेच, शिवाय ती टिकतेही जास्त.

झाडायचं कसं, याची एक पद्धत आहे. अंगणात बाज टाकावी आणि तिच्यावर सतरंजी उलटी, म्हणजे पायाखालची बाजू खाली करून पसरावी. बाजेच्या विणीतून धूळ खाली पडायला वाट मिळते. मग गुळगुळीत वेताची छडी किंवा बांबूची काठी घेऊन पाठीवर, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे ओळीनं हलके फटके मारत जावं. जोर कमी आणि फटके जास्त. गालिच्याला लव असेल तर हे उलटं करणं फारच महत्त्वाचं, कारण वरून मारल्यास धूळ मुळाकडे अजून आत जाते. पाठीवर फटका बसला, की लव खालच्या दिशेनं मोकळी होते आणि कण आपल्या वजनानं गळतात. खाली पांढरं धोतर किंवा जुनी चादर अंथरून पाहा. किती माती निघाली ते डोळ्यांनी दिसतं, आणि केव्हा थांबायचं तेही कळतं. दोघांनी चार कोपरे धरून झटकणं सुती सतरंजीला चालतं. गाठी मारून विणलेला जड गालिचा मात्र कधीही झटकू नये, त्यानं कडेचे धागे तुटतात. नाकातोंडाला दुपट्टा बांधावा. दमेकऱ्यानं हे काम करू नये, जवळही थांबू नये.

पावसाळ्यात चिखलाचं पाऊल उमटलं तर घाईनं ओल्या फडक्यानं पुसण्याचा मोह आवरावा. पुसल्यानं चिखल पसरतो आणि आत जातो. पूर्ण वाळू द्यावा, बोटांनी चुरगळावा, खराट्यानं किंवा ब्रशनं काढावा. उरलेला फिकट डाग मग थोड्या साबणाच्या पाण्यानं निघतो. एका रात्रीचा धीर धरला, तर सगळी सतरंजी धुण्याचं काम वाचतं.

या भागात सतरंजीचं स्थान घरापुरतं नाही. महामार्गानं तळेगावहून अमरावतीकडे निघालं, की वर्धा नदी ओलांडून पुढे मोझरी लागते. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि सामुदायिक प्रार्थनेची रीत वऱ्हाडात गावोगावी पोचवली. सगळ्यांनी एका ओळीत, एकाच अंथरणावर बसायचं, या रीतीला लांबच्या लांब सतरंजी लागते. भजनी मंडळाची, देवळाची, लग्नकार्याची सतरंजी सगळ्या गावाची असते. वऱ्हाडात त्या विणणारेही होते. अकोला जिल्ह्यातल्या अकोट आणि बाळापूर इथल्या सुती सतरंज्यांचं नाव होतं. कापूस इथलाच.

आणि स्वच्छतेचा विषय या मुलुखात निघाला, तर गाडगेबाबांना वगळून पुढे जाता येत नाही. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यात परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हातात खराटा घेऊन गावात शिरायचं, आधी रस्ता झाडायचा, मग कीर्तनाला उभं राहायचं, हा त्यांचा क्रम होता. कीर्तनाची जागाही आधी झाडून घ्यायची. परीट आणि वरठी समाजाकडे कपडा धुण्याचं मोठं ज्ञान होतं. कुठला कपडा भट्टीत घालायचा, कुठला नुसता खळबळायचा, कुठल्या पाण्यात रंग जातो, हे त्यांना हातानं कळत असे. घरी गालिचा धुताना आपण नेमकं तेच ज्ञान शोधत असतो, कारण सगळ्या धाग्यांना एकच वागणूक चालत नाही.

तेव्हा पाण्यात हात घालण्याआधी धागा ओळखावा. कडेचा एखादा सुटा तंतू काढून चिमट्यात धरून पेटवावा. जळक्या केसांचा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि बोटांत चुरा होणारी काळी राख राहिली तर लोकर. कागद जळल्यासारखा वास आणि हलकी करडी राख, तर कापूस किंवा ताग. तंतू वितळून कडक मणी झाला तर पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर यांसारखा कृत्रिम धागा. बाजारात रेशमी म्हणून विकला जाणारा चमकदार गालिचा बरेचदा व्हिस्कोसचा असतो आणि तो कागदासारखा जळतो. खरं रेशीम केसांसारखं जळतं.

या ओळखीवर पुढचं सगळं अवलंबून आहे. कापसाचा धागा ओला झाल्यावर जास्त मजबूत होतो, म्हणून सुती सतरंजी मोगरीनं धोपटली, ब्रशनं घासली, तरी सहन करते. लोकर ओली झाली की अशक्त होते. व्हिस्कोसची तर ओली असताना सुमारे निम्मी ताकद जाते. त्याचा गालिचा घरी धुवूच नये, कोरडा झाडावा आणि डाग ओल्या फडक्यानं टिपावा. ताग भिजला तर त्यातला तपकिरी अंश पाण्याबरोबर वर येऊन डाग पडतात. ज्या गालिच्याच्या पाठीवर कापड गोंदानं चिकटवलेलं आहे, तो बुडवून ठेवला तर गोंद सुटतो आणि पाठ पोपडे धरते. पाठ पाहणं म्हणूनच गरजेचं. समोरची नक्षी पाठीवरही तशीच स्पष्ट दिसली, तर तो बहुधा हातानं विणलेला आहे आणि पाण्याला बऱ्यापैकी तोंड देईल.

आता रंग. एका कोपऱ्यावर प्रत्येक रंगाच्या ठिकाणी ओलं पांढरं फडकं दोन-तीन मिनिटं दाबून धरावं. फडक्यावर रंग उतरला, तर ती वस्तू बुडवायची नाही. मिठाच्या पाण्यात ठेवलं की रंग पक्का होतो, असं घरोघरी सांगितलं जातं. रंगवतानाच्या भांड्यात मीठ टाकलं, तर रंग धाग्यात जायला मदत होते, हे खरं आहे. पण एकदा कच्चा रंगवलेला धागा नंतर मिठानं पक्का होत नाही. नैसर्गिक रंगांची आणखी वेगळी तऱ्हा आहे. वर्ध्यात मगन संग्रहालय समितीच्या खादीकामात नैसर्गिक रंग वापरले जातात. असे रंग बरेचदा खारानं छटा बदलतात, म्हणून त्यांच्यासाठी सोड्याचं पाणी वर्ज्य.

हा खार काय करतो, ते समजून घेण्यासारखं आहे. विदर्भात धुण्याच्या खाराचा एक निसर्गदत्त साठा आहे, तो बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात. उल्का आदळून झालेल्या त्या विवरातलं पाणी तीव्र खारट आणि अल्कधर्मी आहे. त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा विरघळलेला असतो. अकबराच्या काळी लिहिलेल्या ऐन-ए-अकबरीतही लोणारचा साबण आणि काचेच्या कच्च्या मालासाठी उल्लेख आहे. सोडा तेलकट मळाशी संयोग पावतो, मळ सुटा करतो आणि जड पाण्यातला चुना बाजूला सारतो. कापसाला तो सोसतो. लोकरीला सोसत नाही. लोकर हे केराटिन नावाचं प्रथिन, म्हणजे आपल्या केसांचंच द्रव्य. तीव्र खार त्या प्रथिनाचे बंध तोडतो. कपडे धुण्याची साधी पावडर पाण्यात विरघळली, की बऱ्यापैकी अल्कधर्मी असते. म्हणून सुती सतरंजीला चालणारी पावडर लोकरीच्या गालिच्याला किंवा घोंगडीला लावली, तर एका धुण्यात मऊपणा जातो आणि पुढे धागा ठिसूळ होतो. ब्लीचिंगच्या पाण्याबद्दल तर सावधच राहायला हवं. सोडियम हायपोक्लोराइटच्या कडक पाण्यात लोकरीचा तुकडा ठेवला, तर तो विरघळून नाहीसा होतो.

लोकरीला हवा रिठा. रिठ्याच्या गरात सॅपोनिन असतं; ते साबणासारखा फेस करतं, पण त्याचं पाणी अल्कधर्मी नसून किंचित आम्ल बाजूचं असतं, आणि केराटिनला तेच मानवतं. आपल्या आज्या रेशमी पैठणी, शालू आणि सोन्याचे दागिनेही रिठ्यानं धूत, ते उगाच नाही. दहा-बारा रिठे बिया काढून दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे, सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळावे, थंड झाल्यावर कुस्करून सुती फडक्यातून गाळून घ्यावे. पाणी तपकिरी दिसतं. अगदी पांढऱ्या गालिच्याला त्याची पिवळसर छटा लागू शकते, तिथे लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण बरा. डोळ्यांत रिठा गेला तर फार झोंबतो, लहान मुलांना दूर ठेवावं.

पाणीही पाहायला हवं. बेसॉल्टमधून येणाऱ्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या साबणाशी ते जुळले, की पांढरट, न विरघळणारा साका तयार होतो. अंगाच्या साबणाचा फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला कडं जमतं, ते हेच. तोच साका सतरंजीत अडकला, तर ती वाळल्यावर खरखरीत लागते आणि धूळ धरते. जड पाणी असेल तर वडीच्या साबणाऐवजी द्रव डिटर्जंट किंवा रिठा वापरावा. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर त्यासारखं दुसरं पाणी नाही. शेवटच्या खळबळीसाठी तेवढं राखून ठेवावं.

सुती सतरंजीचं काम मोकळं आहे. झाडून झाल्यावर सिमेंटचा ओटा किंवा फरशी स्वच्छ धुऊन तिच्यावर ती पसरावी. साधं पाणी ओतून आधी एकदा भिजवावी आणि निथळू द्यावी, म्हणजे उरलेली धूळ साबण खाणार नाही. मग बादलीभर कोमट पाण्यात थोडी पावडर विरघळवून ती ब्रशनं विणीच्या दिशेनं लावावी; पावडर कधीही थेट सतरंजीवर शिंपडू नये, एका जागी साचून डाग पडतो. एक बाजू झाली, की उलटी करून दुसरी. सतरंजीला उलट-सुलट नसतं, हा तिचा मोठा गुण. दोन्ही बाजू सारख्या विणलेल्या असतात, म्हणून दोन्ही सारख्या धुवाव्या आणि वर्षाला आलटून-पालटून अंथराव्या. मोगरी मारायची तर सतरंजी घडी करून, एकाच जागी जास्त वेळ न मारता. दशांना ब्रश लावू नये, त्या हातानंच चोळाव्या. नाहीतर गुंता होतो आणि विणीची कड उसवायला लागते.

यानंतर पाणी काढणं, आणि इथे कंटाळा करून चालत नाही. साबण धाग्यात राहिला, तर वाळल्यावर तोच चिकट थर नवी धूळ ओढून घेतो. धुतलेली सतरंजी पंधरा दिवसांत पुन्हा काळी दिसली, तर ती मळखाऊ नसते. तिच्यात साबण उरलेला असतो. निथळणारं पाणी ओंजळीत धरून बोटं चोळावी. बुळबुळीत लागेनासं झालं, फेस दिसेनासा झाला, की पुरे.

लोकरीच्या गालिच्याला किंवा घोंगडीला हे सगळं हळुवार हातानं. लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगासारखे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं ही तिन्ही एकत्र आली, की खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आक्रसून दाट होतं. नमदा मुद्दाम असाच बनवतात. गालिच्याचा मात्र तो नाश असतो. म्हणून पाणी थंड, रिठ्याचं, आणि हाताचा तळवा किंवा मऊ स्पंज लवेच्या दिशेनं फिरवायचा. चोळणं, पिळणं, मोगरी, काही नाही. नव्या घोंगडीला विणताना चिंचोक्याची खळ दिलेली असते. पहिल्या धुण्यात ती चिकट पाण्याच्या रूपानं निघते. तो रंग किंवा मळ समजून घाबरू नये, थंड पाण्यानं शांतपणे निघू द्यावी. शेवटच्या बादलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर घातलं, तर राहिलेला खार मारला जातो आणि लोकर मऊ राहते. गाठीचा मोठा, जुना, मौल्यवान गालिचा असेल तर तो घरी बुडवूच नये. झाडावा, वरवरचा मळ रिठ्याच्या फेसानं, नुसत्या फेसानं, टिपून घ्यावा आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसावा.

डागांचं थोडक्यात सांगतो. हळदीचा डाग साबणानं लाल होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन खारात रंग बदलतं. घाबरू नये, धुऊन उन्हात ठेवावा. कर्क्युमिनला सूर्यप्रकाश सोसत नाही, डाग आपोआप फिका पडत जातो. रक्ताला फक्त थंड पाणी, गरम पाण्यानं त्यातलं प्रथिन शिजून घट्ट बसतं. तेल किंवा तूप सांडलं, तर बेसन टाकून तासभर ठेवावं आणि झाडून घ्यावं, मगच साबण. चहाला लगेच साधं पाणी. संत्र्याच्या हंगामात या भागात संत्र्याच्या रसाचे डाग हमखास पडतात. रंग फारसा लागत नाही, पण राहिलेली साखर चिकट होते, मुंग्या येतात आणि त्या जागी धूळ बसून काळा ठसा उमटतो. तेव्हा रस दिसेनासा झाला तरी ती जागा थंड पाण्यानं दोनदा टिपावी. बाळाच्या शूचं तसंच. ताजं असताना पाण्यानं जातं, जुनं झालं की अल्कधर्मी होऊन रंग खातं. कुठलाही डाग कडेकडून मध्याकडे टिपायचा. मध्यातून कडेकडे घासला की तो वाढतो.

सतरंज्या-गालिचे धुण्याची रीत इतर देशांतही आहे. इराणमध्ये काशानजवळ मशहद-ए-अर्देहाल इथे दर वर्षी गालिचा धुण्याचा विधी होतो. लोक काठ्या हातात घेऊन गालिचा वाहत्या पाण्याकडे नेतात आणि काठ्यांनी त्यावर पाणी शिंपडतात. युनेस्कोनं 2012 मध्ये या विधीची अमूर्त वारशात नोंद केली. मला जास्त जवळची वाटते ती फिनलंडची रीत. तिथे जुने कपडे फाडून त्यांच्या पट्ट्यांची सतरंजी विणतात, आपल्या चिंध्यांच्या सतरंजीसारखी. उन्हाळा आला, की तळ्याच्या आणि समुद्राच्या काठी गावानं खास बांधलेल्या लाकडी धक्क्यांवर लोक आपापल्या सतरंज्या घेऊन जातात, पाइनच्या तेलाच्या साबणानं घासतात, रुळांतून पिळतात आणि तिथल्याच दांड्यांवर वाळत घालतात. अलीकडे साबणाचं पाणी थेट समुद्रात जाऊ नये, म्हणून अनेक ठिकाणी हे धक्के किनाऱ्यापासून आत आणून त्यांचं पाणी सांडपाण्याच्या नळीला जोडलं आहे. आपल्याकडेही दसरा-दिवाळीच्या आधी वाकळा, चादरी, सतरंज्या नदीवर नेऊन धुण्याची पद्धत होती. नदीवरची मजा मला मान्य आहे. पण आज पावडरचं पाणी वर्धा नदीत किंवा नाल्यात सोडण्यापेक्षा ते अंगणातल्या शोषखड्ड्यात सोडावं. रिठ्याचं पाणीसुद्धा वाहत्या पाण्यात सोडू नये, सॅपोनिन माशांना घातक असतं.

राहिलं वाळवणं. दोन किलोची सुती सतरंजी पाणी पिऊन सहज पाच-सहा किलोंची होते. ती दोरीवर एकाच ठिकाणी लटकवली, की पाणी खालच्या कडेला उतरतं, वजनानं वीण ओढली जाते आणि आकार वाकडा होतो. आधी ओट्यावर उतारानं पसरून तासभर निथळू द्यावी, वरून तळहातानं किंवा फरशी पुसायच्या रबरी पट्टीनं दशांच्या दिशेनं पाणी ढकलावं. मग पुन्हा बाज. बाजेवर हवा वरून आणि खालून दोन्हीकडून लागते, आकार सपाट राहतो. दर दोन-तीन तासांनी उलटी करावी. धागा वरून वाळतो, तसं आतलं पाणी धाग्याधाग्यानं वर येतं आणि विरघळलेला मळ बरोबर आणतं. शेवटी वाळणाऱ्या कडेवर तपकिरी रेघ उमटते ती त्यामुळे. उलटत राहिलं तर ती रेघ पडत नाही.

ऊन किती, हाही प्रश्न आहे. मे महिन्यात विदर्भात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी असते, की सतरंजी अर्ध्या दिवसात वाळते. पण त्या उन्हात रंग उडतो. कृत्रिम धाग्यालाही ते बाधतं. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून लवकर कोरडं होतं, पण सूर्याच्या अतिनील किरणांनी ते ठिसूळ होऊन चुरा सोडायला लागतं. लोकर, रंगीत कापूस आणि कृत्रिम गालिचा सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी वाळवावा. उन्हाचा उपयोग पांढऱ्या सुती जाजमासाठी आणि अंथरुणांसाठी करावा. श्रावण-भाद्रपदात कितीही मळली तरी मोठी सतरंजी धुवायला काढू नये. त्या दमट हवेत ती दोन दिवस ओली राहिली, की बुरशी धरते आणि तो कुबट वास पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. धुण्याचा उत्तम काळ म्हणजे पाऊस परतल्यानंतरचे दसऱ्यापासून पुढचे कोरडे दिवस, आणि दुसरा फाल्गुन-चैत्र. मे महिन्यात पाण्याची टंचाई असते. तेव्हा फक्त झाडावं आणि बाजेवर उन्हाची एक झळ द्यावी. घरातल्या धुळीतले सूक्ष्म कोळीकीटक, ज्यांच्यामुळे दमेकऱ्यांना त्रास होतो, दमट जागेत वाढतात. कोरड्या हवेत त्यांचं जगणं कठीण होतं.

पूर्ण वाळली का, हे वरून हात लावून कळत नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पोटात धरूनही हाताला कोरडी लागते. मध्यभागी गालिचा दुमडून आतल्या घडीवर गाल टेकवावा. थंड लागला तर अजून ओला आहे, आणखी एक दिवस ठेवावा. वाळल्यावर लव मऊ ब्रशनं एका दिशेनं विंचरावी. ठेवायचा तर घडी घालू नये, लव बाहेर ठेवून गोल गुंडाळावा, म्हणजे मोडीच्या रेघा पडत नाहीत. जुन्या धोतरात किंवा चादरीत बांधावा. प्लास्टिकमध्ये मुळीच नाही, आत ओल कोंडते. कडुनिंबाची वाळलेली पानं घालायची तर जरूर घालावी, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळीला घामाचा आणि खरकट्याचा मळ लागलेली लोकर जास्त आवडते. स्वच्छ करूनच ठेवावी, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा बांधणी सोडून, अंगणात बाजेवर पसरून पुन्हा पाठीवरून काठी फिरवावी.